वाटीतली शेंग

१

इंदिराबाईंचे दात चोरीला गेले ते शुक्रवारी सकाळी, पावणेसात ते सव्वासातच्या मधे.

वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण पावणेसातला त्यांनी स्वतः तिपाईवरच्या स्टीलच्या वाटीतलं पाणी बदललं होतं आणि दात त्यातच ठेवून त्या न्हाणीत गेल्या होत्या. सव्वासातला केसांना पंचा गुंडाळत बाहेर आल्या तेव्हा वाटी जागच्या जागी होती. पाणीही होतं. फरशीवर चार थेंब सांडले होते, तेवढेच. दात मात्र नव्हते. त्यांच्या जागी पाण्यावर भुईमुगाची एक शेंग तरंगत होती.

"राजश्रीऽ!"

ही हाक बोळक्या तोंडातून अशी काही फुसकन निघाली की इंदिराबाईंनी लगेच पदर तोंडावर दाबला. त्यानंतर त्या घरात त्यांचा आवाज कुणी ऐकला नाही. नातवाची पाटी त्यांनी पुढ्यात ओढली, पेन्सिल घेतली, आणि एकतीस वर्षं अंगणवाडीत पोरांकडून गिरवून घेतलेल्या त्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: दात गेले.

राजश्री, म्हणजे त्यांची सून, पिठाच्या हातानं बाहेर आली. तिनं पाटी वाचली, वाटीतली शेंग बघितली, आणि तिची नजर आपोआप खाली वळली. तिपाईशेजारी अडीच वर्षांचा बुद्धरत्न, घरातला रत्नू, मांडी घालून बसला होता. नावाला शोभेल अशी अपार शांती त्याच्या चेहऱ्यावर होती.

दात साधे नव्हते. ते बसवून घेण्यासाठी भालकी ते उदगीर अशा चार खेपा झाल्या होत्या. रविवारी पौर्णिमा होती. गल्लीतल्या बुद्धविहाराचं नवं सभागृह त्या दिवशी उघडणार होतं, आणि तिथली पहिली वंदना इंदिराबाई सांगणार होत्या. आजवर या विहारात वंदना पुरुषांनीच सांगितलेली. महिला मंडळानं दोन वर्षं भांडून हा मान मिळवला होता. नवे दात करायला पंधरा दिवस लागणार, आणि हातात होते दोन.

इंदिराबाईंनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं: दात नाहीत तर मी नाही. विहार समितीतल्या धनराजला सांगा.

पेन्सिल खाली ठेवून त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या.

"थांबा आत्या," ती म्हणाली. "रविवारपर्यंत शोधून काढते."

ती तसं म्हणून गेली खरी. पण बोलून चुकल्यावर तिच्या लक्षात आलं की सुरुवात कुठून करायची हेच आपल्याला ठाऊक नाही.

२

राजश्री भालकीतल्या एका लहानशा लॅबमध्ये कामाला होती. रक्त काढायचं, बाटलीवर नाव चिकटवायचं, तपासायचं. नवी असताना तिच्या हातून एकदा एका म्हाताऱ्याच्या रक्ताची बाटली गायब झाली होती आणि ती रडायला लागली होती. तेव्हा तिथले साहेब म्हणाले होते, "बाई, नमुना हरवत नसतो. तो दुसऱ्या कुठल्या तरी स्टँडमध्ये जाऊन बसलेला असतो. कुठून निघाला, कुणाच्या हातातून गेला, ते कागदावर लिहा. सापडतो."

म्हणून आधी घराची झडती.

रत्नूच्या नावावर जुने गुन्हे बरेच होते, त्यामुळे कुठं बघायचं याची यादी तिला पाठ होती. टीव्हीचा रिमोट मागं दह्याच्या गंजात सापडला होता. नागेशचा फोन पाण्याच्या ड्रममध्ये, तोही साबण लावलेला. तिचं लॅबचं ओळखपत्र तुरीच्या डब्यात. आणि गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसानं ओट्यावर हेल्मेट ठेवलं, तर त्यात एक बटाटा.

गंमत अशी की या पोरावर पुरतं चिडायला राजश्रीला कधी जमायचंच नाही. हात उगारला की तिला आठवायचं: फोन घाण झालाय असं आदल्या दिवशी आपणच म्हणालो होतो. दही लागलं का बघा, असंही आपणच म्हणालो होतो, आणि रिमोटशिवाय काही लागत नाही हे या घरात त्यानं रोज बघितलेलं. त्याच्या प्रत्येक गुन्ह्यामागं असा काहीतरी विचार निघायचा. जगात येऊन अडीच वर्षं झालेल्या माणसानं इतकं कान देऊन ऐकावं आणि इतकं मनावर घ्यावं, याचं तिला नवल वाटायचं. मग उगारलेला हात त्याच्या डोक्यावरून फिरवून ती मोकळी व्हायची.

तर झडती झाली. पिठाचा डबा, दह्याचा गंज, ड्रम, चपला, गादीखाली, मिक्सरच्या भांड्यात. तीन महिन्यांपूर्वी हरवलेलं नखं कापायचं यंत्र निघालं. नागेशचा एक मोजा निघाला, त्यात पाच चिंचोके. एक अर्धी भाकरी निघाली, तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

दात नव्हते.

राजश्रीनं लॅबला फोन करून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "घरात एक नमुना हरवलाय साहेब."

३

पहिली साक्ष नवऱ्याची. नागेश साखर कारखान्यात होता. गाळप चालू झालेलं, त्यामुळे रात्रपाळी करून सकाळी सातच्या जरा आधी आला होता आणि आल्या आल्या पांघरुणात शिरला होता.

"अहो, उठा. आत्यांचे दात गेलेत."

"पडले?"

"चोरीला गेलेत."

"कोण न्हेईल ते?" डोळे न उघडता तो म्हणाला. "दुसऱ्याच्या तोंडाला बसतेत व्हय?"

"सकाळी आल्यापासून काय काय केलाव ते सांगा."

"आलो. उंबऱ्यातली पिशवी घेतलो. पोराला कडेवर घेतलो. कोपऱ्यावर जाऊन पिशवी हावगेप्पाला दिलो. पोरगं टाटा केलं. आलो, झोपलो. आता झोपू दे की गं."

पिशवी म्हणजे आज्जाचा डबा. नागेशचे वडील भीमराज भालकीजवळच मेहकरला शेतावर राहायचे. तूर उभी होती, ऊस तोडीची वाट बघत होता. ते काही शेत सोडून भालकीला येत नव्हते. म्हणून रोज सातच्या बसनं कंडक्टर हावगेप्पाच्या हाती डबा जायचा आणि संध्याकाळच्या बसनं रिकामा परत यायचा. रिकामा म्हणजे नावाला. भीमराज त्यात नातवासाठी काही ना काही घालायचेच. हरभऱ्याचे कोवळे डहाळे नाही तर भाजलेल्या शेंगा. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हा इंदिराबाईंचा नियम होता, आणि चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं मानलेला हा त्यांचा एकमेव नियम.

गुरुवारच्या डब्यातून ओंजळभर शेंगाच आल्या होत्या. व्हिडिओ कॉलवर भीमराज नातवाला म्हणाले होते, "खा बाबा तू. पिकवलो मी, भाजलो मी, पर मला काय उपयोग? दात न्हाईत रे आज्जाकडं. एकबी न्हाई. हे बघ." त्यांनी तोंडाचं बोळकं उघडून दाखवलं होतं. रत्नूनं फोनच्या काचेवर बोट लावून आत बघायचा प्रयत्न केला होता. मग इंदिराबाईंनी फोन घेतला, राजश्रीनं चटणीसाठी मिक्सर लावला, आणि मिक्सर थांबला तेव्हा बोलणं संपलेलं होतं.

दुसरी साक्ष चंद्रम्माची. शेजारची चंद्रम्मा सकाळी सातच्या आत दूध घालायला दारात येऊन गेली होती. राजश्री रत्नूला घेऊन तिच्या ओसरीवर गेली.

"अय्यो देवा! इंदिराक्काचे दात?" चंद्रम्मानं गालावर हात मारून घेतला. "आणि मला विचारायलीस? मला कुठं काय दिसतंय पोरी. डोळ्याला पडदा आलाय. दुधाचं माप भरलंय का ते बोट बुडवून बघायलेय मी. परवा मोबाइलवर नातीचं लगीन म्हणून तासभर बघत बसले, रडले पण. ते दुसऱ्याच कुणाचं तरी निघालं."

"मग डॉक्टरकडं कामून जात न्हाईस?"

"म्हशीला कोण बघंल? न्हाई दिसत तर न्हाई दिसत. चष्मा न्हाई माझ्याकडं, डोळा न्हाई. तू तुझे दात हुडक."

रत्नू तिच्या मांडीला टेकून उभा होता. मान वाकडी करून तो तिच्या डोळ्यांकडं फार लक्षपूर्वक बघत होता. निघताना चंद्रम्माच्या रिकाम्या लोटीत त्यानं खिशातला गुळाचा खडा टाकला. खड्याला लोकर चिकटलेली होती. चंद्रम्मानं तो तसाच तोंडात टाकला.

तिसरी साक्ष अवघड होती. धनराजअण्णा विहार समितीचे सचिव. गेली बारा वर्षं वंदना तेच सांगत आलेले, आणि शुक्रवारी सकाळी फलकाचा मजकूर दाखवायला म्हणून ते इंदिराबाईंच्या ओट्यावर दहा मिनिटं येऊन बसले होते. दात हरवून कुणाचा फायदा असेल तर त्यांचाच.

राजश्रीनं भीतभीतच विषय काढला. धनराजअण्णांनी सवयीप्रमाणं जाड भिंगाचा चष्मा काढला, शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि डोळे चोळले.

"माझ्यावर संशय हाय व्हय तुझा?"

"तसं न्हाई अण्णा..."

"असू दे. असायलाच पाहिजे. खरं सांगू? मान गेला तेव्हा मला वाईट वाटलं. दोन दिवस जेवलो न्हाई नीट. पर परवा सरावाला तुझ्या सासूचं ऐकलो. एकेक अक्षर असं, जणू पाटीवर लिहून दाखवायलीय. बारा वर्षं मी नुसता पाठ म्हणत होतो पोरी. मी पहिल्या रांगेत बसून ऐकणार हाय. तू दात हुडकून काढ."

राजश्री मान खाली घालून परतली. आता एकच साक्षीदार उरला होता.

"रत्नू, आज्जीचे दात कुठंयत?"

रत्नूनं तिच्याकडं बघितलं. मग उठून दाराशी गेला, रस्त्याकडं तोंड केलं आणि हात हलवला.

"टाटा."

"आता न्हाई जायचं बाहेर. दात कुठंयत सांग."

"टाटा!" तो आणखी जोरात हात हलवत म्हणाला. आई ढम्म उभी आहे हे बघून त्यानं फरशीवर आडवं होऊन भोकाड पसरलं.

साक्षीदार थकला, असं म्हणून राजश्रीनं त्याला खांद्यावर टाकलं. या घरात सकाळपासून खरी जबानी फक्त त्यानंच दिली होती, हे तिला कळायला अजून वेळ होता.

४

दुपारी रत्नू झोपल्यावर तिनं कागद घेतला.

घरात नाहीत, म्हणजे बाहेर गेले. पावणेसात ते सव्वासात या अर्ध्या तासात घरातून काय काय बाहेर गेलं? चंद्रम्माची दुधाची किटली. धनराजअण्णांची पिशवी. मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा डबा. आणि भाजीच्या सालींची बादली, जी चंद्रम्मा रोज म्हशीसाठी घेऊन जाते.

किटलीचं तोंड अरुंद, त्यात दात जाणार नाहीत. धनराजअण्णांनी स्वतः पिशवी उलटी करून दाखवली होती. डबा? डब्यात दात निघाले असते तर मामांनी अर्धं मेहकर गोळा केलं असतं आणि दहा वेळा फोन केला असता. तिनं डब्यावर काट मारली.

राहिली बादली.

पुढच्या पाच मिनिटांत राजश्री चंद्रम्माच्या गोठ्यात कोपरापर्यंत हात घालून गव्हाण चाचपडत होती. म्हैस शांतपणे रवंथ करत होती आणि मधून मधून स्वतःचे दात दाखवत होती.

"तिच्या पोटात तर न्हाई ना गेले?" राजश्री कासावीस होऊन म्हणाली.

"माझी म्हैस निवडून खाती," चंद्रम्मा फणकारली. "सकाळी मुळ्याचा पाला टाकले, तो बघ तसाच. ती दात खाईल व्हय?"

पाला खरंच तसाच होता. दात नव्हते.

हात धुऊन राजश्री घरी आली तेव्हा ऊन कलंडलेलं. इंदिराबाई वंदनेची वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. सून रिकाम्या हातानं आलेली बघून त्यांनी वही मिटली आणि पेटीत ठेवून दिली. पेटीचं झाकण इतकं हळू लावलं की राजश्रीला त्यापेक्षा आदळलेलं बरं वाटलं असतं.

संध्याकाळी जेवण भरवताना आणखी एक गोष्ट गायब असल्याचं कळलं. रत्नूचं पिवळं लाळेरं. पण लाळेरं काय, धुण्यात असेल, म्हणून तिनं सोडून दिलं.

तेवढ्यात नागेश कोपऱ्यावरून डबा घेऊन आला. राजश्रीनं झाकण उघडलं आणि ती उभीच राहिली.

डबा घासलेला होता. राखेनं घासून, धुऊन, पुसून लख्ख. आणि आत काही नव्हतं. ना डहाळा, ना शेंग.

"मामांना बरं न्हाई का काय," म्हणत तिनं फोन लावला.

"बरा हाय मी," पलीकडून भीमराजांचा आवाज आला. कोरडा ठाक. "रविवारी मी येत न्हाई. कुणाला सांगायचं त्याला सांग."

"अहो मामा, पण आत्या वंदना..."

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना. तिसऱ्यांदाही नाही.

५

रत्नूला मांडीवर थोपटत राजश्री भिंतीला टेकून बसली. दात राहिले बाजूला. आता मामाही येत नव्हते. ज्यांनी ऐकावं म्हणून आत्या महिनाभर सराव करत होत्या, तेच येत नव्हते. समोर तिपाईवर ती वाटी अजून तशीच होती. तिनं मुद्दामच हलवू दिली नव्हती. पाण्यात फुगलेली शेंग. आणि ओट्यावर तो लख्ख डबा.

वाटी आणि डबा. डबा आणि वाटी.

तिचा थोपटणारा हात थांबला. दोन्ही भांडी उलटीच वागत होती! जी वाटी चोरीनंतर रिकामी असायला हवी, तिच्यात शेंग होती. जो डबा रिकामा कधी येत नाही, तो रिकामा आला होता.

चोर कधी काही ठेवून जातो का? जातो; पण तो चोर इंदिराबाईंच्या हाताखाली वाढलेला असेल तर. भांडं रिकामं ठेवायचं नाही म्हणून हेल्मेटात बटाटा टाकणारा, लोटीत गूळ टाकणारा चोर. म्हणजे शेंग कुणी ठेवली याला आता साक्षीची गरज नव्हती. शेंगा तेव्हा दोनच ठिकाणी होत्या: वरच्या फळीवर, जिथं त्याचा हात पोचत नाही, आणि डब्याच्या पिशवीच्या तळाशी राहिलेल्या दोन-चार. म्हणजे त्याचा हात पिशवीत गेला होता.

तिनं कागद उलगडून डब्यावरची काट खोडली. पण मग मामांनी फोन का केला नाही? आणि राग कसला?

"आत्या," तिनं हळूच विचारलं, "काल मामांना तुम्ही फोनवर काय म्हणालाव? मी मिक्सर लावला तेव्हा?"

इंदिराबाईंनी पाटी मांडीवर घेतली. मग त्यांनी लिहिलं. लिहून झाल्यावर पाटी उलटी ठेवली. राजश्रीनं ती सरळ केली.

मी म्हणाले, दात करून घ्यायला भ्यायलाव, तर माझेच पाठवून देते डब्यात. चावा शेंगा.

खाली, लहान अक्षरात: मी पाठवले नाहीत गं.

६

नुसत्या तर्कावर रिपोर्ट देत नसतात. लॅबचा नियम. शनिवारी सकाळी राजश्रीनं वाटी पुन्हा तिपाईवर ठेवली, पाणी भरलं आणि त्यात आपला लाल कंगवा टाकला. उंबऱ्यात पिशवी. पिशवीच्या तळाशी चार शेंगा.

मग रत्नूच्या देखत ती हवेकडं बघून म्हणाली, "आज्जाकडं कंगवा न्हाई म्हणं. कसे केस विंचरावं बाई आज्जानं?"

आणि स्वयंपाकघराच्या पडद्याआड जाऊन उभी राहिली. मागं इंदिराबाई, पाटी छातीशी धरून.

रत्नूनं वाटीकडं बघितलं. पिशवीकडं बघितलं. दोन्ही टाचा उचलून त्यानं वाटीत हात घातला, फरशीवर चार थेंब पडले, कंगवा बाहेर आला. तो त्यानं पोटावर पुसला. मग दोरीवरचा हातरुमाल ओढून जमिनीवर पसरला, कंगवा मधोमध ठेवला आणि एकेक टोक उचलून वर घेतलं. आज्जी रोज भाकरी गुंडाळते अगदी तसं. ते गाठोडं दोन्ही हातांत धरून, जपून, जिभेचं टोक बाहेर काढून, त्यानं पिशवीत डब्यावर ठेवलं.

झालं, असं राजश्रीला वाटलं. पण तो वळून वाटीकडं आला. वाटी रिकामी होती. पोरगं कपाळाला आठी घालून क्षणभर थांबलं. पिशवीपाशी जाऊन खाली हात घातला, एक शेंग काढली, वाटीत टाकली. आता बरोबर झालं, असा चेहरा केला. मग दारात उभं राहून पिशवीला हात हलवला.

"टाटा."

पडद्याआड राजश्रीचे डोळे भरून आले. अडीच वर्षांच्या त्या डोक्यात केवढा मोठा हिशोब बसला होता! कुणाकडं काय नाही ते ऐकायचं, कुठं आहे ते बघायचं, आणि रोजच्या बसनं पाठवून द्यायचं. तेही ज्याचं घेतलं त्याला मोकळं न ठेवता.

मागून पाटी पुढं आली. हे कुणी शिकवलं याला?

"तुम्हीच," राजश्री म्हणाली. "लुगडं बदला आत्या. सातची बस धरायचीय."

७

"आज डब्यासंगं माणसंबी?" हावगेप्पानं तिकीट फाडत विचारलं. इंदिराबाईंनी पदर तोंडावर आणखी घट्ट धरला.

भीमराज मेहकरच्या शेतात, बोरवेलच्या खोलीपुढं शेंगा वाळवत बसले होते. बायको दिसताच त्यांनी पाठ फिरवली.

"कामून आलाव? न्यायला आलाव व्हय? घेऊन जावा."

आणि सदऱ्याच्या खिशातून त्यांनी काढलं ते पिवळं लाळेरं. त्यात दात.

"एक वेळ दात पाठवली, ते मी सोसलो असतो," ते लाळेरं हलवत म्हणाले. "म्हणली होती, पाठवली. पर वर लेकराचं लाळेरं? म्हणजे मी काय तान्हा हाव? लाळ गळायलीय माझी? चाळीस वर्षं राबलो, त्याचं हे? मग मीबी डबा घासून पाठवलो. रिकामा."

"मामा," राजश्री म्हणाली, "आत्यांनी काही बांधलं तर गाठ मारतेत. इथं कुठं गाठ हाय? नुसतं गोळा केलंय. हे ज्यानं पाठवलं ना, त्याच्याकडं दुसरं फडकं नव्हतं. स्वतःचं होतं तेच दिलं त्यानं."

भीमराज वळले. रत्नू शेंगांच्या ढिगापाशी बसला होता. त्यानं एक शेंग उचलली, दातानं फोडली, दाणे थुंकीसकट हातावर घेतले आणि आज्जापुढं धरले. मग आपलं तोंड मोठ्ठं उघडून दातांवर बोट टकटक वाजवलं.

"आज्जा, खा."

भीमराजांनी हातातल्या दातांकडं बघितलं. लाळेऱ्याकडं बघितलं. "मी म्हणलो होतो याला," ते पुटपुटले, "की न्हाईत माझ्याकडं." ते ओले दाणे त्यांनी तसेच तोंडात टाकले आणि हिरड्यांनी चघळत राहिले, डोळे मिटून.

बऱ्याच वेळानं त्यांनी लाळेरं बायकोपुढं केलं. "घे. तुझे दात मला बसत न्हाईत."

"बशवून बघितलाव व्हय?"

कालच्या सकाळनंतर पहिल्यांदाच इंदिराबाई बोलल्या होत्या, त्याही बोळक्या तोंडानं, चारचौघांत. भीमराज ऊस बघू लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

दात इंदिराबाईंनी उकळत्या पाण्यात टाकायला काढले तेव्हा राजश्रीनं त्यांना अडवलं, नाहीतर ते वाकडे होऊन रविवारचं पुन्हा अवघडच होतं. मग कोमट पाण्यात पाच वेळा धुतले.

रविवारी नवं सभागृह भरून गेलं होतं. पांढऱ्या लुगड्यात इंदिराबाई पुढं उभ्या राहिल्या, आणि धनराजअण्णा म्हणाले होते तसंच झालं. एकेक अक्षर पाटीवर उमटावं तसं उमटत गेलं. भीमराज पहिल्या रांगेत होते. मंगळवारी उदगीरला जायचं त्यांनी कबूल केलं होतं, फक्त डॉक्टर दुखवणार नाही ना, एवढं तीनदा विचारून. पंचशीलातल्या दुसऱ्या शीलाला, न दिलेलं घ्यायचं नाही या शीलाला, सगळं सभागृह इंदिराबाईंच्या मागून म्हणालं. राजश्रीच्या मांडीवरून हात जोडून रत्नूही म्हणाला, सगळ्यांत मोठ्यानं. मग तो मांडीवरून उतरून कुठं गेला ते तिला समजलं नाही. ती सासूकडं बघत होती.

वंदना संपली. माणसं उठली, एकमेकांना जय भीम घालू लागली. धनराजअण्णा डोळे पुसत उभे राहिले आणि शेजारच्या खुर्चीवर चाचपडू लागले.

"माझा चष्मा कुठं गेला? आत्ताच तर इथं ठेवलो होतो. कुणी बघितलाव का?"

लोक खुर्च्यांखाली वाकून शोधू लागले. राजश्री वाकली नाही. तिनं धनराजअण्णांच्या शेजारच्या खुर्चीकडं नुसतं एकदा बघितलं, आणि मग शेवटच्या रांगेत बसलेल्या चंद्रम्माकडं निघाली.

खुर्चीवर, चष्म्याच्या जागी, एक शेंग ठेवलेली होती.